कॅम्परची बॅटरी बदलायचीय, बाहेरची लाइन चालू ठेवली तर चालेल का?

चाकावरची_खोली

नमस्कार मंडळी, प्रश्न कदाचित बावळट वाटेल पण उद्या सकाळी हे काम करायचंय म्हणून आत्ताच विचारून घेतो. आमचा एक छोटा कॅम्पर ट्रेलर आहे, गाडीच्या मागे जोडून न्यायचा. गेले तीन आठवडे एकाच जागी उभा आहे आणि बाहेरच्या लाइनला प्लग लावून ठेवलाय त्यामुळे आत लाइट, पंप, फ्रीज सगळं मस्त चालतंय. परवा सहज प्लग काढला तर पाच मिनिटांत लाइट मिणमिणायला लागले, पंप घुर्र करून गप्प बसला. पुढे ओढायच्या दांड्यावर जो खोका असतो त्यातल्या बॅटरीला मल्टीमीटर लावला तर १०.५ व्होल्ट. घाबरून प्लग परत लावला. नवीन बॅटरी आणलीय, त्याच साइजची, लेड ॲसिडचीच.

तर प्लग लावलेला असतानाच बदलली तर चालेल का? फ्रीज गच्च भरलाय, तो बंद करायचं जिवावर येतंय. बॅटरी म्हणजे १२ व्होल्टच, शॉक काही बसणार नाही ना? आणि आधी कुठलं टर्मिनल काढायचं, कारण प्लसवर तीन वायरी आहेत, मायनसवर दोन आणि त्यात एकही लाल नाही!! सगळ्या काळ्या नाहीतर पांढऱ्या.

अजून एक, याचा संबंध आहे की नाही माहीत नाही, पण दोन रात्री ओळीने गॅसचा अलार्म ठणाणा वाजला. सिलेंडर बंद केला, साबणाचं पाणी लावून एकूणएक जॉइंट बघितला, एक बुडबुडा नाही. बायको म्हणते पुढच्या बाजूला सडक्या अंड्यासारखा वास येतो, मला तर सर्दी आहे.

बिनधास्त_भटक्या

काही होत नाही हो. मी आजवर दोनदा प्लग लावूनच बदललीय. आतला लाइटसुद्धा लुकलुकला नाही. कन्व्हर्टर असतो ना आत, तो लाइनचे १२ व्होल्ट करून देतो, बॅटरी असली काय नसली काय. पाना घ्या, दहा मिनिटांचं काम आहे, उगाच टेन्शन घेऊ नका.

तारांचा_गुंता

भटक्याभाऊ, दोनदा जमलं ते खरं, पण तुमचा हात दोनदा घसरला नाही एवढाच त्याचा अर्थ आहे.

खोलीवाले, बॅटरी बदलायचं नंतर बघू, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावरून माझ्या पोटात गोळा आलाय. सगळ्यात आधी प्लग काढा. उद्या सकाळी नाही, आत्ता. कारण सांगतो.

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, एकेक साधारण २.१ व्होल्टचा, म्हणून भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६-१२.७ दाखवते. तुमची १०.५ दाखवते. आता पूर्ण रिकामी झालेली बॅटरीही १०.५ दाखवू शकते, पण तुमची तीन आठवडे चार्जिंगला होती, ती रिकामी कशी असेल? सहातून एक सेल वजा करा, बरोबर १०.५ येतात. म्हणजे एक सेल आतून शॉर्ट झालाय. आता गंमत अशी की कन्व्हर्टरला हे कळत नाही. त्याला वाटतं बॅटरी भरलीच नाहीये, म्हणून तो करंट ढकलतच राहतो, आणि जे पाच सेल चांगले आहेत त्यांच्या डोक्यावर सहाव्याचं ओझं पडतं, ते ओव्हरचार्ज होतात, आतलं पाणी उकळल्यासारखं होतं आणि गॅस सुटतो. वहिनींना येणारा सडक्या अंड्यांचा वास तोच, हायड्रोजन सल्फाइडचा. तुमचा अलार्म बिचारा खोटं बोलत नव्हता, चार्जिंगमधून येणाऱ्या गॅसनेसुद्धा एलपीजीचे अलार्म वाजतात. तुम्ही सिलेंडर तपासत बसलात आणि चोर पुढच्या खोक्यात.

तर प्लग काढा, दारंखिडक्या उघडा, वास जाईपर्यंत आत कोणी झोपू नका. मग खोक्याचं झाकण दुरूनच, वाकून तोंड वर न नेता उघडा आणि बॅटरीला हात न लावता बघा, फुगलीय का, बाजूने गरम वाफ येतेय का. तशी असेल तर थंड होईपर्यंत पाना लावायचा नाही. आणि तिथे जवळपास काडी, लायटर, सिगरेट काही नको.

बाकी उद्याचं सविस्तर रात्री लिहितो, आधी एवढं करा आणि केलं म्हणून कळवा.

चाकावरची_खोली

बापरे. काढला काका. मेन स्विच आधी पाडला मग प्लग काढला. झाकण उघडलं, फुगलेली वाटत नाही पण बाजूला हात नेला तर चांगलीच धग लागतेय. आज सगळे गाडीत झोपतो, फ्रीजचं जे व्हायचं ते होऊ दे.

तारांचा_गुंता

शाब्बास. फ्रीजची एवढी काळजी नको, दार उघडलं नाही तर चारेक तास आतला गारवा टिकतो. जे नाशवंत आहे ते बर्फ घालून एका डब्यात काढा आणि विसरा. बॅटरीचं खरं काम वीस मिनिटांचं आहे.

आता मूळ प्रश्न. लाइन चालू ठेवून का नाही बदलायची.

शॉकची भीती बहुतेकांना असते, तिचं उत्तर सोपं आहे, १२ व्होल्टचा शॉक बसत नाही. भीती वेगळीच आहे. आपल्या डोक्यात गणित असं असतं की बॅटरीवरून वायर काढली म्हणजे वायर मेली. मोटारीत तसंच असतं, इंजिन बंद केलं आणि बॅटरी सोडवली की सगळं थंड. पण तुमचा प्लग लावलेला असेल तर प्लसच्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला कन्व्हर्टर बसलाय आणि तो १३-१४ व्होल्ट सोडतोच आहे. म्हणजे तुम्ही प्लसचं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) काढून हातात धरलंत, तरी ते जिवंत आहे. ते उघडं थिंबल लोंबकळतंय कुठे? लोखंडी दांड्याच्या वर दोन इंचांवर, आणि तो दांडा म्हणजे बॅटरीचा मायनसच, कारण मायनस चासीला जोडलेला असतो. जरा हिसका बसला की चट्ट करून ठिणगी, आणि कन्व्हर्टर नाहीतर त्याचे फ्यूज गेले.

नुसती ठिणगी असती तरी एक वेळ म्हटलं असतं जाऊ दे, फ्यूजच उडेल. पण लाइन चालू म्हणजे चार्जिंग चालू, आणि लेड ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की पेट घ्यायला पुरे, आणि बॅटरीच्या बंद खोक्यात चार टक्के व्हायला काही फार लागत नाही. बॅटरी फुटते म्हणजे आग कमी आणि ॲसिड जास्त, तेही तोंडाच्या उंचीवर, कारण आपण वाकूनच काम करत असतो. मी एकदा फुटलेली बघितलीय. माझी नव्हती, शेजारच्या जागेवरच्या माणसाची, त्याने नशिबाने चष्मा घातला होता. त्या दिवसापासून कानाला खडा, साधा पाना लावायचा असला तरी डोळ्यांवर गॉगल.

आणि तिसरं कारण जे कोणी बोलत नाही. बाहेरच्या लाइनचं अर्थिंग खराब असेल आणि ट्रेलरमध्ये कुठे लीकेज असेल तर ट्रेलरच्या लोखंडी अंगात मेन्सचा करंट येतो, १२ चा नाही, पूर्ण १२० नाहीतर २३० चा. एरवी आपण लाकडी पायरीवरून चढतो उतरतो, कळतही नाही. पण बॅटरी बदलताना ओल्या गवतात गुडघे टेकून दांड्याला मिठी मारूनच बसावं लागतं. कळलं ना.

भटक्याभाऊंच्या बाजूने एवढंच म्हणेन की हल्लीचे बहुतेक कन्व्हर्टर बॅटरीशिवायही सरळ १२-१३ व्होल्ट देतात, त्यामुळे लाइट लुकलुकले नसतील. जुन्या पद्धतीचे जे होते, वजनदार ट्रान्सफॉर्मरवाले, घूंऽऽ असा आवाज करणारे, ते बॅटरीचा आधार घेऊनच व्होल्टेज सपाट ठेवतात. तो आधार काढला तर आतल्या फ्रीजच्या बोर्डाला, रेडिओला काय जातं ते देवच जाणे. तुमचा कुठला आहे ते तुम्हाला माहीत नसेल तर प्रयोग कशाला.

आता काम. आतले सगळे लाइट, पंखे, पंप, इन्व्हर्टर बंद. सिलेंडर बंद. गाडी जोडलेली असेल तर तो सात पिनांचा कनेक्टर काढा, गाडीकडूनही चार्जिंगची वायर येते हे लोक हमखास विसरतात. बॅटरी तोडायचा स्विच असेल तर तोही बंद. मग मोबाइलवर चार फोटो काढा, चारही बाजूंनी, आणि एकेका वायरीला चिकटपट्टी लावून पेनाने लिहा, प्लस की मायनस.

रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका!! अमेरिकन पद्धतीच्या ट्रेलरमध्ये १२ व्होल्टची काळी वायर प्लस असते आणि पांढरी मायनस. मोटारीची सवय असलेला माणूस काळी बघितली की मायनस समजून जोडतो आणि मग उलटं. उलटं जोडलं की कन्व्हर्टरवर त्यासाठीच ठेवलेले दोन फ्यूज असतात, ३० किंवा ४० अँपियरचे, ते तत्क्षणी उडतात. उडाले तर नशीब समजा, त्यांचं कामच ते.

आधी मायनस काढायचा. कारण आधी प्लस काढायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक दांड्याला टेकलं तर पान्यातूनच शॉर्ट, शेकडो अँपियर जातात, पाना लाल होतो. मायनस काढताना पाना दांड्याला टेकला तर काहीच होत नाही, दोन्ही एकच. मायनस निघाला की दोन्ही वायरींना एकत्र चिकटपट्टी गुंडाळून बाजूला बांधा, मग प्लस. बसवताना उलट, आधी प्लस, शेवटी मायनस. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. अंगठी दोन टोकांमध्ये अडकली तर बोटाचं काय होतं ते सांगत नाही.

प्लसवरच्या तीन वायरींपैकी एक बारीक असेल, ती बहुतेक ब्रेकअवे स्विचची. ट्रेलर चालत्या गाडीपासून सुटला तर दोरी ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात, ती. ती विसरलात तर आत सगळं चालेल, काहीच कळणार नाही. म्हणून मुद्दाम लिहितोय.

उन्हावर_चालणारी

काकांनी सगळं लिहिलं पण छतावर सोलर आहे का ते विचारलंच नाही. असेल तर प्लग काढूनही वायर जिवंतच राहते, उन्हात तर नक्कीच. मी हा मार खाल्लाय. लाइन काढली, स्विच पाडला, अगदी शहाण्यासारखं सगळं केलं आणि भर दुपारी बॅटरीची वायर काढली. १२ व्होल्टचं म्हणवणारं पॅनेलसुद्धा लोड नसताना २० च्या वर व्होल्ट देतं, कंट्रोलरला (पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा डबा) बॅटरी दिसेनाशी झाली आणि त्याचा स्क्रीन गेला तो गेलाच.

नियम असा की आधी पॅनेलची वायर कंट्रोलरपासून काढायची, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. वर जाऊन वायर काढणं जमत नसेल तर पॅनेलवर जाड गोधडी टाका, किंवा सरळ सूर्य मावळल्यावर काम करा. मी आता गोधडीच टाकते.

टर्मिनलवर पांढरी हिरवट बुरशीसारखी पूड असेल तर पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, फसफसतं आणि निघून जातं. फक्त बॅटरी बाहेर काढल्यावर खोक्यावर आणि थिंबलांवर करा, सेलच्या झाकणांतून सोडा आत गेला तर ॲसिडच मारतो तो. हातमोजे घाला, ती पूड जीन्सवर पडली तर दुसऱ्या धुण्यात भोकं दिसतात (अनुभव).

बिनधास्त_भटक्या

हायड्रोजनचं माझ्या डोक्यातच नव्हतं आलं, मान्य. पण एक सांगा, आमच्यासोबत वडील असतात, त्यांना रात्री श्वासाचं मशीन लागतं, १२ व्होल्टवर चालणारं. रात्रीच बॅटरी मेली तर काय करायचं? तेव्हा लाइन काढता येत नाही.

तारांचा_गुंता

तेव्हा बॅटरी बदलायचीच नाही. लाइन चालू राहू दे, बॅटरी तोडायचा स्विच असेल तर तो पाडा म्हणजे मेलेली बॅटरी चार्जिंगमधून सुटते आणि मशीन कन्व्हर्टरवर चालतं. बहुतेक ट्रेलरमध्ये असंच वायरिंग असतं पण सगळ्यांत नाही, काहींत स्विच पाडला की आतलंही बंद होतं, ते आधी दिवसा वडील जागे असताना करून बघा. त्याहून सोपं म्हणजे त्या मशीनसाठी वेगळी छोटी बॅटरी भरून ठेवा. ज्याच्यावर माणसाचा श्वास आहे ते पंपाच्या आणि फ्रीजच्या वायरीवर ठेवू नये.

नवशिका_७

मध्येच विचारतो, बदलतोच आहोत तर लिथियम का नाही टाकायची? हलकी असते म्हणे.

उन्हावर_चालणारी

हलकी असते, १०० अँपियर-अवरची लेड ॲसिड पंचवीस-तीस किलो भरते आणि लिथियम साधारण त्याच्या निम्म्याहून कमी. शिवाय लेड ॲसिडची अर्धीच वापरायची असते, लिथियमची जवळपास सगळी. पण नुसती आणून ठेवली असं नाही चालत. जुना कन्व्हर्टर १३.६ च्या आसपास धरून ठेवतो आणि लिथियमला पूर्ण भरायला १४.२ ते १४.६ लागतात, म्हणजे कायम अर्धपोटी राहते. आणि शून्य डिग्रीच्या खाली तिला चार्ज करायचं नाही, आतून खराब होते, बाहेर दांड्यावर ठेवणाऱ्यांनी हे बघावं. प्रश्नकर्त्यांनी लेड ॲसिड आणलीच आहे, आता त्यांना गोंधळात टाकू नका.

चाकावरची_खोली

मंडळी, झालं! पण सरळ नाही झालं.

सकाळी बॅटरी थंडगार होती. सोलर नाहीये. फोटो काढले, चिकटपट्ट्या लावल्या आणि काका म्हणाले तसंच निघालं, प्लसच्या तिन्ही वायरी काळ्या!! मी कालच्या डोक्याने जोडायला गेलो असतो तर नक्की उलटं झालं असतं. जुनी बॅटरी उचलताना कंबर मोडली, एका बाजूच्या झाकणांभोवती सगळं ओलं होतं. नवीन बसवली, प्लस, मग मायनस, मायनसला बारीकशी चटकन ठिणगी आली तेव्हा काळजात धस्स झालं.

मीटर लावला, १२.७. मग मेन स्विच पाडलेला ठेवून प्लग लावला, मग मेन वर केला. परत मीटर लावला तर १२.७ च. दहा मिनिटांनी १२.७. चार्जिंग होतच नाहीये! आत लाइट मात्र चालू. फ्यूज बघितले, दोन्ही शाबूत. काय झालं असेल?

तारांचा_गुंता

ठिणगीचं घाबरू नका, आतल्या बोर्डांमध्ये कपॅसिटर असतात ते भरताना शेवटच्या जोडणीला एवढीशी येते, आणि गॅसचा अलार्म तर बंद होतच नाही कधी, तो थोडं पितोच.

लाइट चालू, फ्यूज शाबूत, बॅटरी १२.७ ला ढिम्म. बॅटरी तोडायचा स्विच परत चालू केलात का?

चाकावरची_खोली

😶

चाकावरची_खोली

१४.१. आता १४.२. काका मी काही बोलत नाही.

उन्हावर_चालणारी

😂😂 सगळ्यांचं होतं. मी तर त्याच स्विचपायी एकदा नवीन कन्व्हर्टर मागवायला निघाले होते.

तारांचा_गुंता

उत्तम. १३.२ ते १४.४ च्या मध्ये काहीही असलं तरी चार्जिंग होतंय, भरत आली की आपोआप १३.६ च्या आसपास खाली येईल. आज तासाभराने एकदा बॅटरीच्या बाजूला हात लावून बघा, कोमट चालेल, गरम नको.

जुनी बॅटरी उभीच ठेवा, आडवी नाही, आणि भंगारात टाकू नका, बॅटऱ्या परत घेणाऱ्यांकडेच द्या, आत शिसं असतं. आणि ती बारीक वायर बसवलीत ना? मग निघायच्या आधी ब्रेकअवे एकदा तपासा. गाडीचा सात पिनांचा कनेक्टर काढलेला असू दे, पिन ओढा, ट्रेलरच्या चाकांपाशी कान नेला तर ब्रेकच्या मॅग्नेटची बारीक घरघर ऐकू येते, आणि जागचा हलवायला गेलात तर चाकं धरून ठेवतात. बघितलं की लगेच पिन परत आत, काढून ठेवली तर ते मॅग्नेट गरम होतात आणि तुमची नवीन बॅटरी संपवतात.

चाकावरची_खोली

पिन ओढली, घरघर आली, चाकं जाम. पिन परत लावली. काल रात्री अलार्मही वाजला नाही, वास गेला असं बायको म्हणते. फ्रीजमधलं सगळं वाचलं, फक्त दूध नासलं.